मटण किती, कुठलं आणि कसं? लाल मांसाचा घरगुती हिशोब

आहारवही

गटारी जवळ आली की मटणाबद्दल दोन तऱ्हेचे निरोप फिरायला लागतात. एकात मटण म्हणजे कर्करोग, दुसऱ्यात मटण म्हणजे ताकद. वजन-माप दोन्हीत नसतं. म्हणून हा धागा काढला आहे. कृपया आकडे, प्रमाण आणि स्वयंपाकाची पद्धत ह्यांवरच बोलूया. शाकाहार चांगला की मांसाहार, हा वाद इथे नको.

आधी शब्द स्पष्ट करू. लाल मांस म्हणजे सस्तन प्राण्यांचं मांस : शेळी-बोकड, मेंढी, म्हैस, गाय-बैल, डुक्कर. कोंबडीची तंगडी कितीही गडद दिसली तरी ती ह्यात येत नाही आणि डुकराचं मांस शिजून पांढरट झालं तरी ते ह्यातच येतं. आपल्याकडे मटण म्हणजे बहुतेक ठिकाणी बोकडाचं. वाडेबोल्हाईच्या बोल्हाई देवीला मानणारी घरं मात्र मेंढीचंच खातात, म्हणून पुणे-नगरकडे 'बोल्हाईचं मटण' अशी वेगळी पाटी दिसते. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे इथे मिळणारं मोठ्याचं मांस म्हैसवर्गीय असतं.

आता प्रमाण. जागतिक कर्करोग संशोधन निधीची शिफारस आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅमपेक्षा जास्त लाल मांस खाऊ नये अशी आहे. हे वजन शिजलेल्या, बिनहाडाच्या मांसाचं आहे, हे नव्वद टक्के लेखांमधून गळून जातं. दुकानातून आणलेल्या १ किलो हाडासकट मटणातून साधारण २५० ते ३०० ग्रॅम हाडं जातात. उरलेलं ७०० ग्रॅम मांस शिजताना पाणी आणि चरबी सोडतं आणि ताटात जेमतेम ५०० ग्रॅम येतं. चौघांच्या घरात रविवारी १ किलो मटण शिजलं तर माणशी १२५ ग्रॅम. आठवड्यातून दोनदा केलं तरी २५०. म्हणजे मर्यादेच्या पुष्कळ आत.

तेव्हा बहुसंख्य मराठी घरांत मटण 'जास्त' होतच नाही. चुकतं ते दुसरीकडे : वाटणात, तेलात, मिठात, एकाच दिवशी ताव मारण्यात, आणि जिला सगळ्यात जास्त गरज आहे तिच्या ताटात शेवटी रस्साच उरण्यात.

चांदणवेल

शेवटच्या वाक्याबद्दलच विचारायचं होतं. हिमोग्लोबिन ९ असलेल्या बाईने रोज मटण खाल्लं तर ते भरून येईल का? 'बिटापेक्षा मटणात जास्त लोह' असं सगळे म्हणतात, पण नक्की किती?

रक्तपेशी

१०० ग्रॅम शिजलेल्या बोकडाच्या मटणात साधारण साडेतीन मिलिग्रॅम लोह असतं. आकडा लहान वाटेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था ह्यांच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम आणि पुरुषाला १९ मिलिग्रॅम सांगितलं आहे. मग साडेतीनने काय होणार?

उत्तर शोषणात आहे. शिफारशीचा आकडा मोठा आहे, कारण धान्य-डाळींतलं बरंचसं लोह आतड्यातून तसंच पुढे निघून जातं. ज्वारी, बाजरी, गहू, डाळी ह्यांतलं फायटेट त्याला धरून ठेवतं. मांसातलं निम्म्याच्या आसपास लोह हीम ह्या रूपात, म्हणजे रक्त-स्नायूंच्या लाल रंगद्रव्यात बांधलेलं असतं. त्यातलं १५ ते ३५ टक्के शोषलं जातं आणि फायटेट किंवा चहाचा त्याला फारसा अडथळा होत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून उपयोगाची. मांस ज्या जेवणात असतं त्याच जेवणातल्या भाकरी-भाजीतलं लोहही दोन-तीन पट जास्त शोषलं जातं. हा परिणाम त्या एका जेवणापुरताच असतो. रविवारी खाल्लेलं मटण बुधवारच्या भाकरीला मदत करत नाही. म्हणून रक्त कमी असलेल्या बाईने रविवारी २०० ग्रॅम खाण्यापेक्षा तेच आठवड्यातून चार वेळा ५०-५० ग्रॅम खाल्लेलं केव्हाही चांगलं. सोबत लिंबू पिळायचं आणि चहा जेवणानंतर निदान तासभर लांबवायचा. जेवण झाल्याझाल्या घेतलेला कपभर चहा भाकरी-भाजीतल्या लोहाचं शोषण निम्म्याहून खाली आणतो.

आता हिमोग्लोबिन ९ बद्दल स्पष्टच सांगते. हा मध्यम ॲनिमिया आहे, ८ च्या खाली गेला की तीव्र. १०० ग्रॅम मटणातून शरीरात प्रत्यक्ष जाणारं लोह अर्धा-पाऊण मिलिग्रॅम. पाळी सुरू असलेल्या बाईला रोजची झीज भरून काढायलाच दीड ते दोन मिलिग्रॅम शोषलेलं लोह लागतं. साठा रिकामा झालेला असेल तर तो मटणाने भरत नाही, त्याला गोळीच लागते. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. हिमोग्लोबिन वर आल्यावरही साठा भरण्यासाठी गोळ्या साधारण तीन महिने चालू ठेवाव्या लागतात, आणि नेमकं तिथेच त्या बंद केल्या जातात. मटण हे गोळीनंतर पुन्हा घसरण होऊ नये म्हणून.

आणि रक्त कमी का झालं हे शोधल्याशिवाय कोणी आहार सांगू नये. जास्त जाणारी पाळी, जंत, मूळव्याध, बी-१२ ची कमतरता, थॅलेसेमिया मायनर, सगळ्यांची वाट वेगळी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. त्यात मांस खाणाऱ्या घरांतल्या बायकाही आहेत. फोडी कोणाच्या ताटात जातात आणि रस्सा कोणाच्या, हा पोषणाचाच प्रश्न आहे.

चांदणवेल

बाळंतिणीला आणि आजाऱ्याला पायाचं सूप किंवा अळणी पाणी देतात, त्यात हे लोह उतरत नाही का? आणि कलेजी?

रक्तपेशी

फार थोडं उतरतं. लोह स्नायूत असतं आणि स्नायूतच राहतं. पायाच्या सुपात उतरतं ते जिलेटिन, थोडी चरबी आणि मीठ. जिलेटिन हे अपुरं प्रथिन आहे, ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल त्यात नसतंच. हाडं उकळली म्हणून कॅल्शियमही फारसं येत नाही. तेवढ्या कामाला पेलाभर दूध किंवा नाचणीची भाकरी बरी. सूप गरम असतं, घशाला बरं वाटतं, तोंडाला चव येते, त्यासाठी जरूर द्या. पण सूप दिलं म्हणजे मटण दिलं असं नाही. फोडी मऊ शिजवून, कुस्करून त्याच पाण्यात घाला.

सहा महिन्यांवरच्या बाळालाही हेच. नुसतं पाणी पाजू नका. मऊ शिजवलेला बिनमिठाचा खिमा वाटून खिचडीत चमचा-दोन चमचे घाला.

कलेजी : लोह मटणाच्या दुप्पट आणि बी-१२ भरपूर. पण १०० ग्रॅम मेंढीच्या कलेजीत अ जीवनसत्त्व ७,००० मायक्रोग्रॅमच्या वर असतं आणि प्रौढाची रोजची वरची मर्यादा ३,००० आहे. पंधरवड्यातून एकदा ५० ग्रॅम ठीक. गरोदरपणात कलेजी नको, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, कारण जादा अ जीवनसत्त्वाने गर्भात व्यंग होऊ शकतं. 'रक्त वाढतं' म्हणून गरोदर बाईला आठवड्यातून दोनदा कलेजी खाऊ घालणारी घरं आहेत, त्यांना हे सांगायलाच हवं.

शेळीवाडा

मांस निवडण्याबद्दल लिहितो, कारण 'मटण' म्हणून दोघांच्या पिशवीत फार वेगळ्या गोष्टी जातात.

बोकडाची चरबी मुख्यतः पोटात असते : गुर्द्याभोवती, आतड्यांवर आणि काही कातडीखाली. स्नायूच्या आत ती फार कमी मुरलेली असते. त्यामुळे वरची चरबी काढलेलं बोकडाचं निव्वळ मांस १०० ग्रॅमला २० ग्रॅम प्रथिनं आणि दोन-तीन ग्रॅमच चरबी देतं. मेंढीच्या मांसात चरबी पसरलेली असते, ती काढून टाकता येत नाही. म्हशीचं मांस बोकडासारखंच कमी चरबीचं आणि पुष्कळ स्वस्त, पण जनावर वयस्क असलं तर दोरे (स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट तंतू) जाड असतात आणि शिजायला वेळ लागतो.

दुकानात 'मिक्स द्या' म्हणालात की सीना (छातीचा भाग), मानेचा भाग, नळी आणि चरबीचे दोन-तीन गोळे असं सगळं येतं. सीन्याच्या फोडींवर चरबीचा थर असतो, रश्शाला चव त्याचीच. कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसासाठी मागच्या मांडीचं किंवा पुढच्या पायाचं मांस मागा आणि चरबीचे गोळे वजनात धरू नका म्हणून तोलण्याआधी सांगा. तोलल्यावर सांगून उपयोग नसतो.

खिमा तयार असलेला घेऊ नका. त्यात चरबी आणि फेफसं किती गेलंय ते कळत नाही. मांडीचा तुकडा दाखवायला सांगा, वरची चरबी काढायला लावा आणि समोर यंत्रातून काढून घ्या. यंत्रात आधीच्या खिम्याचा भाग अडकलेला असतो, म्हणून पहिली मूठ बाजूला काढलेली बरी.

ताजेपणाची खूण : मांस ओलसर पण चिकट नाही, बोट दाबलं की खड्डा भरून येतो, चरबी पांढरी आणि घट्ट. फिकट लाल रंग कोवळ्या जनावराचा, गडद तपकिरीकडे झुकणारा जुन्याचा. कापायच्या आधी तपासलेल्या जनावराच्या अंगावर महापालिकेच्या कत्तलखान्याचा शिक्का असतो. टांगलेल्या मांडीवर तो दिसतो का बघा.

आता एक चूक जी जवळजवळ सगळेच करतात. सकाळी सातला कापलेलं गरम मटण आणायचं आणि सरळ बर्फाच्या कप्प्यात टाकायचं. कापल्यानंतर काही तासांत स्नायू आखडतात, मग हळूहळू सैल होतात. आखडण्याआधीच थंडी लागली तर स्नायू जोरात आवळले जातात आणि तसेच राहतात. बोकडाचे तुकडे लहान, वर चरबीचं पांघरूण कमी, म्हणून त्याला हे पटकन होतं. मग कुकरच्या दहा शिट्ट्या झाल्या तरी मटण चामड्यासारखं, आणि दोष खाटकाला. गरम मटण आणलं तर घरी येताच शिजवा. साठवायचं असेल तर झाकलेल्या भांड्यात फ्रिजच्या खालच्या भागात दिवसभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बर्फाच्या कप्प्यात हलवा. उणे १८ अंशांत तीन-चार महिने चांगलं राहतं. बाहेर काढताना आदल्या रात्री फ्रिजमध्ये उतरवा, ओट्यावर सुटू देऊ नका. उन्हाळ्यात कच्चं मटण तासाभराहून जास्त बाहेर नको.

पाटावरवंटा

शिजवण्याबद्दल. इथेच पथ्य जमतं नाहीतर मोडतं.

१ किलो मटण, हळद, आलं-लसणाचं वाटण आणि मीठ लावून तासभर ठेवा. मटण जून असेल तर कच्च्या पपईचं वाटण एक चमचा, तेही तासभरच. रात्रभर ठेवलं तर वरचा थर पिठूळ होतो आणि आतलं तसंच राहतं, कारण पपईचा रस आत जात नाही. पातेल्यात चमचाभर तेलावर कांदा परतून मटण घाला, झाकणावर पाणी ठेवून अंगच्या पाण्यात दहा मिनिटं परता. मग झाकणावरचं गरम पाणीच आत ओता. कुकर असेल तर एक शिट्टी मोठ्या आचेवर, पुढे मंद आचेवर १५ ते २० मिनिटं. कोवळ्याला १२ पुरतात. मऊपणा हा दोऱ्यांचं जिलेटिन होण्यातून येतो आणि त्याला आचेपेक्षा वेळ लागतो. भडक आचेवर शिट्ट्या मोजत बसलं तर मांस आकसून कोरडं होतं आणि दोरे तसेच राहतात.

चरबी काढायची वेळ इथे आहे, फोडणीच्या आधी. अळणी रस्सा फोडींपासून वेगळा करून वाफ गेली की फ्रिजमध्ये चार-पाच तास ठेवा. मटणाची चरबी पांढऱ्या पापुद्र्यासारखी वर गोठते, झाऱ्याने अखंड उचलता येते. तर्री आल्यावर हे करायला गेलात तर जमत नाही, कारण तेल गोठत नाही आणि विरघळलेली चरबी त्यात मिसळून बसते. रविवारचं मटण शनिवारी रात्री अळणी शिजवून ठेवलं तर चवही मुरते.

आता वाटणाचा हिशोब, जो कोणी करत नाही. १०० ग्रॅम सुक्या खोबऱ्यात साधारण ६४ ग्रॅम चरबी, त्यातली ५७ ग्रॅम संपृक्त (सॅच्युरेटेड). एक किलो मटणाच्या काळ्या वाटणाला अर्धी मोठी वाटी खोबरं सहज जातं, पाहुणे असले तर १०० ग्रॅमच्या वर. ७०० ग्रॅम मटणात वरच्या चरबीसकट १० टक्के चरबी धरली तरी ७० ग्रॅम होते आणि त्यात संपृक्त निम्म्याहून कमी. म्हणजे पातेल्यातली जास्त संपृक्त चरबी बोकडाची नाही, खोबऱ्याची. दिवसाला २,००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला संपृक्त चरबी २२ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात. वर तर्रीसाठी २०० मिलिलिटर तेल गेलं तर तेवढ्यानेच १,६०० कॅलरी वाढल्या.

उपाय सोपा आहे. खोबरं ३० ग्रॅमवर आणा, ते कोरडं खरपूस भाजा, म्हणजे कमी असूनही वास येतो. दाटपणासाठी भाजलेला कांदा वाढवा आणि दोन चमचे भाजलेले तीळ व चमचाभर खसखस घ्या. खानदेशी पद्धतीत कांदा चुलीवर अख्खा भाजतात, त्याने रश्शाला अंग येतं. तेल किलोला तीन टेबलचमचे. रंगासाठी तेल वाढवण्याऐवजी बेडगी किंवा काश्मिरी मिरची भिजवून वाटणात घाला, किंवा गॅस बंद करून तिखटावर गरम तेलाचा एकच चमचा ओता.

मीठ : किलोला तीन सपाट चमचे म्हणजे १५ ग्रॅमच्या वर. चौघांत माणशी जवळपास ४ ग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम. त्या जेवणात लोणचं-पापड नको. दोन चमचे मीठ आणि शेवटी लिंबू, एवढ्याने चव भागते.

कोरडाकाठ

हे सगळं ठीक, पण २०१५ साली लाल मांस कर्करोगकारक म्हणून जाहीर झालं ना? आणि मग २०१९ ला 'खा, काही होत नाही' असंही आलं. सामान्य माणसाने कोणाचं ऐकायचं?

आहारवही

दोन्ही वाक्यं अर्धी आहेत. ऑक्टोबर २०१५ मध्ये फ्रान्समधल्या लियॉनच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने, जी जागतिक आरोग्य संघटनेचा भाग आहे, प्रक्रिया केलेलं मांस (मीठ, धूर किंवा नायट्रेट वापरून टिकवलेलं, जसं सलामी-सॉसेज) पहिल्या म्हणजे 'कर्करोगकारक' गटात टाकलं आणि लाल मांस '२ अ' म्हणजे 'बहुधा कर्करोगकारक' गटात. हे गट पुराव्याच्या पक्केपणाचे आहेत, धोक्याच्या आकाराचे नाहीत. पहिल्या गटात तंबाखूही आहे, म्हणून सलामीचा तुकडा सिगारेटइतका घातक ठरत नाही. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढलेला दिसला. लाल मांसासाठी रोज १०० ग्रॅमला १७ टक्के. रोज, हा शब्द सोडू नका. ही वाढ मूळ धोक्यावर मोजायची असते आणि भारतात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कितीतरी कमी आहे.

२०१९ चा जो निष्कर्ष तुम्ही म्हणता तो एका आंतरराष्ट्रीय गटाचा होता. त्यांनी उपलब्ध पुरावा तपासून म्हटलं की पुराव्याची खात्री कमी आहे, म्हणून प्रौढांनी सध्याचं प्रमाण चालू ठेवायला हरकत नाही, आणि ही 'कमकुवत शिफारस' आहे असं स्वतःच लिहिलं. त्यावर पोषणशास्त्रातल्या अनेकांनी कडक हरकत घेतली. त्याच वर्षी ईट-लॅन्सेट ह्या शास्त्रज्ञांच्या आयोगाने मात्र पर्यावरणासकट विचार करून रोज सरासरी १४ ग्रॅम, म्हणजे आठवड्याला १०० ग्रॅमच्या आत, असं सुचवलं. रक्तक्षय पसरलेल्या समाजात लोह आणि बी-१२ कुठून भागवणार, ही त्यावरची टीका मला रास्त वाटते.

माझं मत विचाराल तर हे सगळे अभ्यास मुख्यतः गोमांस आणि डुकराचं मांस रोज खाणाऱ्या समाजांतले आहेत. आठवड्यातून एकदा बाजरीच्या भाकरीसोबत बोकडाचा रस्सा खाणाऱ्याला तो आकडा जसाच्या तसा लावणं चूक आणि 'आपल्याला लागूच नाही' म्हणून रोज सीख कबाब खाणंही चूक.

दर्यावर्दी

प्रक्रिया केलेल्या मांसाबद्दल गोव्याकडून भर घालतो. गोव्याचं चोरीस, म्हणजे माळेसारखं बांधलेलं सॉसेज, ह्याच गटात मोडतं. डुकराचं मांस आणि चरबी, मीठ, सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, माडाचं व्हिनेगर, मिरची-मसाला, मग ऊन किंवा धूर. नायट्रेटमुळे लाल रंग टिकतो आणि बोटुलिझमचे जंतू वाढत नाहीत, म्हणजे ते उगाच घातलेलं नसतं. पण त्यातून आतड्यात नायट्रोसो ही कर्करोगाशी जोडलेली संयुगं तयार होतात. पारंपरिक वापर बघितला तर चार-पाच मणी कांदा, बटाटा आणि भरपूर पावासोबत अख्ख्या घराला पुरायचे. चव द्यायला. तसंच महिन्यातून एकदोनदा वापरा. शहरात मुलांच्या डब्यात रोज सलामी किंवा फ्रँकफर्टर जातं ते मला जास्त काळजीचं वाटतं, मग ते कोंबडीचं का असेना. त्यातही नायट्राइट असतंच.

मराठवाड्यात मांसाच्या पट्ट्यांना मीठ लावून उन्हात वाळवून ठेवतात, त्या चान्या. नुसतं मीठ आणि ऊन असलं तरी मीठ फार. आदल्या रात्री भिजवून पाणी टाकून द्यावं आणि शिजवताना वेगळं मीठ घालू नये.

डुकराचं मांस शिजवताना आत गुलाबी राहता कामा नये. अर्धवट शिजलेल्या मांसातून पट्टकृमी पोटात जातो. एक गैरसमज मात्र काढायला हवा : मेंदूत गाठी होतात त्या मांसातून नव्हे, पट्टकृमीच्या अंड्यांतून. ती अंडी बाधित माणसाच्या विष्ठेतून हात, पाणी, कच्च्या पालेभाज्या असा प्रवास करतात. म्हणून हा आजार शुद्ध शाकाहारी माणसालाही होतो. मांस नीट शिजवणं आणि पालेभाज्या नीट धुणं, दोन्ही लागतं.

पाटावरवंटा

भाजण्याबद्दल राहिलं. रस्सा १०० अंशांच्या आसपास शिजतो, कुकर १२० च्या. कोळशावर किंवा कोरड्या तव्यावर २०० च्या वर जातं आणि काळं पडलेल्या भागात हेटरोसायक्लिक अमाइन्स तयार होतात. चरबी निखाऱ्यावर गळून जो धूर उठतो त्यात आणखी वेगळी घातक संयुगं. भाजकं खायचंच तर मटण आधी मऊ शिजवून घ्या, दही-लसूण-लिंबू लावा, चरबी काढा, आणि शेवटची पाच मिनिटंच निखाऱ्यावर धरा, दर मिनिटाला उलटत. करपलेलं टोक कापून टाका. सुक्क्या मटणाची खरड काळी होईपर्यंत परतणं हाही त्यातलाच प्रकार.

रक्तपेशी

कोणी सांभाळून खावं त्याची थोडक्यात नोंद.

युरिक ॲसिड वाढून सांधे सुजणाऱ्यांनी कलेजी, गुर्दा, भेजा बंद करावा. मटणातली प्युरिन्स (ज्यांपासून युरिक ॲसिड बनतं ती द्रव्यं) पाण्यात उतरतात, त्यामुळे 'फोडी नको, रस्सा घेतो' हे त्यांच्यासाठी नेमकं उलटं आहे. पहिलं उकळलेलं पाणी टाकून थोड्या फोडी खाल्लेल्या बऱ्या. मटणासोबत बिअर म्हणजे रात्री अंगठा ठणकण्याची तयारीच.

मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी प्रथिनं मोजून खायची असतात. प्रमाण डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ठरवतात, धाग्यावरून ठरवू नये. थॅलेसेमिया मेजर असलेल्या आणि रक्त चढवून घेणाऱ्या मुलांच्या अंगात लोह आधीच साचलेलं असतं, त्यांना लाल मांस आणि कलेजी टाळायला सांगतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांत बी-१२ खालावतं. त्यांनी ते तपासून घ्यावं, मटण खातो म्हणून गृहीत धरू नये.

आणि जे मांस खात नाहीत त्यांनी घाबरू नये. लाल मांस उपयोगी आहे, अनिवार्य नाही. बी-१२ दूध-दही, अंडी, मासळीतून किंवा गोळीतून मिळतं. मासळी खाणाऱ्यांना सुकट-जवळाही स्वस्तात चांगला.

चांदणवेल

चार वेळा ५० ग्रॅम हे सांगायला सोपं, पण रोज मटणाचा घाट कोण घालणार? आणि परवडणार कसं?

पाटावरवंटा

खिमा. बाकी काही परवडत नाही, ना वेळेत ना पैशात.

२५० ग्रॅम बिनचरबीचा खिमा, शिजून साधारण १८० ग्रॅम होतो, चौघांना ४५ ग्रॅम. एक मोठा चमचा तेलात दोन कांदे, आलं-लसूण, हळद, तिखट. खिमा घालून मोठ्या आचेवर हलवत राहा, गाठी उलथन्याने फोडा. आधी पाणी सुटेल, ते आटून कडेला तेल दिसेपर्यंत थांबा, साधारण आठ-दहा मिनिटं. इथे घाई केली की वशट वास राहतो. मग वाटीभर मोड आलेली मटकी किंवा मटार आणि वाटीभर गरम पाणी घालून झाकून पंधरा मिनिटं. शेवटी चिरलेली मेथी दोन मुठी, लिंबू. मटकी-मेथीतलं लोहही खिम्यामुळे जास्त अंगी लागतं, म्हणजे थोड्या मांसात मोठं पातेलं भरतं. खिमा पूर्ण शिजायलाच हवा. अख्ख्या तुकड्यात जंतू वरच्या भागावर असतात, यंत्रातून काढला की ते आतपर्यंत मिसळतात.

एकदाच १ किलो खिमा कांदा-आलं-लसणासोबत कोरडा परतून, गार करून, चार डब्यांत सपाट थापून बर्फात ठेवा. गोळा करून ठेवला तर आतला भाग सुटायला फार वेळ लागतो. बोटभर जाडीचा थर रात्री फ्रिजमध्ये उतरवला की सकाळी सुटलेला असतो. मटकीऐवजी एकदा चणाडाळ, एकदा दुधी, एकदा शेवग्याचा पाला.

शेळीवाडा

परवडण्यात आणखी एक. मुंडी, वजडी (जठर-आतडी) आणि रक्ती (गोठलेलं रक्त) मटणापेक्षा स्वस्त पडतात. रक्तीत हीम लोह सगळ्यात जास्त, कोल्हापूरकडे रक्ती-मुंडी आवडीने खातात. पण रक्त फार लवकर खराब होतं. स्वच्छ भांड्यात धरलेलं, गोठलेलं, त्याच सकाळचं असेल तरच घ्या आणि पूर्ण उकळून, आतून तपकिरी होईपर्यंत शिजवा. वजडी चुन्याच्या किंवा गरम पाण्यात घासून, आतला काळा पापुद्रा निघेपर्यंत धुवायची, मग हळद-मीठ घालून पहिलं पाणी उकळून टाकून द्यायचं. तिच्यात लोह कमी, प्रथिनं ठीक. रक्तासाठी घेत असाल तर वजडीवर पैसे घालू नका.

चांदणवेल

वजडी रक्तासाठीच घेतली जाते, हे लिहिलंत ते बरं झालं. खिम्यात शेवग्याचा पाला कधी घालायचा, आधी की मेथीसारखा शेवटी?

पाटावरवंटा

शेवटची पाच मिनिटं. कोवळा असेल तर तसाच, जून असेल तर देठ काढून बारीक चिरून, नाहीतर तोंडात चोथा राहतो. आणि लिंबू ताटात पिळा, पातेल्यात नको. उकळीत क जीवनसत्त्व जातं.